ढ खोली

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं चपला काढतानाच चेहरा गंभीर करून आत यायची. मी पाणी आणून द्यायचे. ती बसायची, काय बोलावं ते न सुचून वर छताच्या पंख्याकडे बघायची, आणि मला हसू फुटायचं. ओढणी तोंडावर धरून मी स्वयंपाकघरात पळायचे. लोकांना वाटायचं, हिला हुंदका आवरत नाही. आत्या मागोमाग यायची, पाठीवर हात ठेवायची, आणि मला हसताना बघून तो काढून घ्यायची.

रडले मी, नाही असं नाही. पण बाबा म्हटलं की आधी आठवतो तो एक उन्हाळा. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं, चाळिशी ओलांडलेली एक मराठीची शिक्षिका आणि छातीचा विकार असलेला एक निवृत्त कारखाना-अधिकारी, शाळकरी पोरांसारखे उधळलो होतो. मला भरभर लिहिता येत नाही. दोन ओळी झाल्या की उठावंसं वाटतं. तरी जमेल तसं, सावकाश लिहिते आहे.

मी बदलापूरला पश्चिमेकडे, हेंद्रेपाड्याच्या थोडं पुढे, एका शाळेत शिकवते. राहते अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळी आठवी ते दहावी, दुपारी पाचवी ते सातवी. उन्हाळा लागला की बाकीच्या शाळा सकाळच्या होतात. आमच्याकडे सकाळ मोठ्या मुलांनी व्यापलेली, त्यामुळे लहानांची दुपार काही चुकत नाही. त्यातून इमारतीत खोल्या कमी पडतात, म्हणून मागच्या अंगणात पत्र्याची एक तात्पुरती खोली बांधली होती. मी नोकरीला लागले तेव्हाही ती तात्पुरतीच होती. त्या खोलीत सहावी क बसायची आणि सहावी क माझी होती.

बदलापूरचं तापमान दर उन्हाळ्यात बातम्यांत येतं. बातमीतला आकडा सावलीतला असतो. आमच्या पत्र्याखाली कुणी मोजायला आलं नाही ते बरंच झालं. खोलीला खिडक्या दोन, दोन्ही समोरच्या मैदानाकडे. मैदानात झाड नाही, नुसती धूळ. मागच्या भिंतीला वर एक चौकोनी भोक होतं, त्यावर कधीतरी कुणीतरी प्लायवूड ठोकलेलं. छताचे दोन पंखे होते, ते पत्र्याखालची गरम हवा इमानेइतबारे आमच्या डोक्यावर आणून ओतायचे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधीच आत पन्नासेक मुलांच्या घामाचा, तेल लावलेल्या केसांचा आणि डब्यातल्या लोणच्याचा मिळून एक घट्ट वास तयार व्हायचा. मग एकेक डोकं खाली जायचं. धडा वाचायला उठवलं की मूल पहिलं वाक्य धड वाचायचं, दुसऱ्यात अडखळायचं, आणि तिसऱ्यात माझ्याकडे असं बघायचं जणू ते वाक्य मीच लपवून ठेवलं आहे.

शिक्षकांच्या खोलीत म्हणत, क म्हणजे कच्चे. पावसाळ्यात आणि थंडीत हीच मुलं बऱ्यापैकी वाचत, हे मला दिसत होतं. पण मी ते कुणाला ठासून सांगितलं नव्हतं. मी वाद घालणाऱ्यांपैकी नाही. वाद सुरू झाला की मी पुस्तक उघडते.

मार्चमध्ये मुख्याध्यापिका वर्गावर आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मुलांकडून चार-चार ओळी वाचून घेतल्या, कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "एप्रिलमध्ये मी स्वतः वाचन चाचणी घेणार. सुधारणा दिसली नाही तर मे महिन्यात उन्हाळी वर्ग. सगळ्या वर्गाला. इथेच."

वर पत्रा तडतडला.

मे महिना म्हणजे गाव. कुणी संगमेश्वरला जाणार होतं, कुणी पारनेरला. एकाच्या काकाचं लग्न होतं आणि त्याला घोड्यापुढे नाचायचं होतं. माझाही मे ठरलेला होता. बाबांनी उभी नोकरी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात केली होती, आणि आता जिना चढताना ते मध्येच थांबून कठड्यावरची धूळ बघितल्यासारखं करत. डॉक्टर म्हणाले होते, पावसाळ्याआधी महिनाभर कोरड्या, मोकळ्या हवेत न्या. आत्या जुन्नरकडे राहते. मी सुट्टी लागायचीच वाट बघत होते. उन्हाळी वर्ग लागला असता तर तो घ्यायला मीच उभी राहिले असते आणि बाबा इथेच कठड्यांवरची धूळ बघत बसले असते.

एके दिवशी मी डबा घरी विसरले. तो घेऊन बाबा रिक्षाने शाळेत आले. वर्ग चालू होता म्हणून मागच्या बाकावर टेकले. मी धडा वाचत होते. थोड्या वेळाने मुलं मागे वळून बघायला लागली. बाबांची मान छातीवर आली होती.

पहिल्या बाकावरची मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, आजोबा गेले का?"

"झोपलेत."

"मग आम्ही पण झोपू?"

तेवढ्यात बाबा घोरले. पन्नास मुलांनी एकदम तोंडावर हात दाबले. एक मुलगा हसता हसता बाकाखाली गेला, तो वर येईना. मीही पुस्तक तोंडासमोर धरलं. बाबा दचकून जागे झाले, इकडेतिकडे बघितलं, मग वर पत्र्याकडे, मग दोन खिडक्यांकडे, मग मागच्या प्लायवूडकडे. कारखान्यात अपघात झाल्यावर बघत असत तसं. उठून म्हणाले,

"पोरं ढ नाहीत. खोली ढ आहे."

संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून ते अख्खा रस्ता माझ्या कानात बोलत होते. "एक माणूस म्हणजे एक छोटी शेगडी. पन्नास शेगड्या पेटवून तू दार लावून घेतेस. वर परत प्रत्येक जण हवा ओढतो, वापरतो आणि शेजाऱ्याला देतो. शेजारी पुढच्याला देतो. मागच्या बाकापर्यंत जी पोचते ती किती जणांनी वापरलेली असेल सांग. सेकंडहँड हवा! मी वाचनाला आलो नव्हतो, तरी आडवा झालो. त्यांना तर वाचायचं आहे."

"मग काय करायचं?"

"बाहेर फेकायची. आयुष्यभर काय केलं मी? घाणेरडी हवा बाहेर फेकली."

"बाबा, घाटात ओरडल्यासारखं ओरडू नका. सिग्नल आहे."

शेजारच्या रिक्षातल्या दोन बायका आमच्याकडे बघत होत्या. बाबांनी त्यांनाही सांगितलं, "हवा बाहेर फेकायला पाहिजे." त्यांनी माना डोलावल्या.

त्या शनिवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. जुन्या यंत्रांच्या दुकानांची तिथे एक गल्ली आहे. मोटारी, पंप, शिलाईयंत्रं, सगळं रस्त्यावर मांडलेलं. बाबा त्या गल्लीत शिरले तसे दहा वर्षांनी तरुण झाले. एका दुकानात पाठीला लोड लावून सिंधी शेठ बसले होते.

"बोलो साईं, क्या चाहिए?"

"एक्झॉस्ट फॅन. थ्री फेज."

"फॅक्टरी किधर है आपकी?"

"फॅक्टरी नही, शाळा है. छटवी क."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "छोटे बच्चे लोग? काका, मुलांना शिकवायचं आहे की उडवायचं आहे?"

मी म्हटलं, घरगुती छोटा पंखा पुरे. बाबा माझ्याकडे वळले. "तो मोरीतला वास घालवायला असतो. हा बघ." आणि त्यांनी एका धुळकट, लोखंडी चौकटीतल्या, पुढेमागे जाळी असलेल्या पंख्यावर हात ठेवला. परात असते ना, पुरणाची, तेवढं त्याचं पातं.

बाबांनी पत्र्याच्या खोलीची सगळी हकिगत सांगितल्यावर शेठ म्हणाले, "मी पण पत्र्याखाली शिकलो, काका. इथेच, निर्वासितांच्या कॅम्पात. काय शिकलो माहीत नाही, पण झोप फार चांगली लागायची. म्हणून दुकानात बसलो." आणि त्यांनी तो पंखा आमच्यासमोर लावून दाखवला. शेजारच्या दुकानातली पावतीपुस्तकं उडाली. तिथून कुणीतरी सिंधीत काहीतरी बोललं, त्याचा अर्थ शेठनी सांगितला नाही.

टेम्पो करू, असं मी म्हणत होते. बाबा म्हणाले, एवढ्यासाठी कशाला. ते मागे बसले, पंखा मांडीवर उभा धरला, दोरीने स्वतःला आणि पंख्याला एकत्र बांधून घेतलं. मी स्कूटर सुरू केली. कल्याण-बदलापूर रस्त्यावर वारा लागला आणि पातं फिरायला लागलं. आधी हळू, मग गरगर. बाबा मागून ओरडले, "जोरात घे, जोरात घे!" एक रिक्षावाला बाजूला आला आणि म्हणाला, "काका, लँडिंग कुठे?" बाबा म्हणाले, "बदलापूर!" हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना, म्हणून अंबरनाथला मटका चौकाच्या अलीकडे मी स्कूटर थांबवली. आम्ही दोघं कडेला उभे राहून, बाबा अजून पंख्याला बांधलेले, नुसते हसत होतो. हसण्याने बाबांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत मी त्यांची पाठ धरून उभी होते. मग ते म्हणाले, "चल."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण त्यांच्या पद्धतीने. थ्री फेजची लाईन शाळेत एकाच ठिकाणी होती, पाण्याच्या पंपाला. त्या म्हणाल्या, "पंप आणि पंखा एका वेळी चालवायचे नाहीत. नगरपालिकेचं पाणी आलं की पंखा बंद. आणि पंप बिघडला तर उन्हाळाभर तुम्ही बापलेक बादल्या वाहणार."

रविवारी काम निघालं. चार-पाच मुलांचे वडील आले. त्यांनी पत्र्यावर चढून चुन्याचे दोन हात दिले, म्हणजे ऊन परतून जाईल. ही सूचना बाबांचीच. खाली शिपाईमामा शिडी धरून होते. बाबांनी प्लायवूड काढून त्या भोकात पंखा बसवला, पंपाच्या खोलीतून वायर आणली आणि स्वतः जोडणी केली. कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी वर्ग भरल्यावर उद्घाटन झालं. बाबांनी शर्ट खोचला होता. त्यांनी मुलांना समजावून सांगितलं, "आता हा पंखा खोलीतली शिळी हवा ओढून मागे फेकेल. बघा हं. हा कागदाचा तुकडा मी याच्यासमोर सोडतो. तो जाळीला जाऊन चिकटेल."

मामांनी तिकडून बटण दाबलं. पंखा घुमला. बाबांनी कागद सोडला. कागद उलटा आला आणि त्यांच्या तोंडावर चिकटला.

क्षणभर कुणाला कळेना. मग पुढच्या बाकावरची पानं फडफडली, फळ्याखालची खडूची धूळ उडाली, एका मुलीची रिबीन सुटून खिडकीबाहेर गेली. थ्री फेजच्या तीन तारांपैकी दोन जरी इकडच्या तिकडे झाल्या तरी मोटार उलटी फिरते. हे बाबांनी कारखान्यात दर वर्षी नव्या पोरांना शिकवलं होतं. घरात जेवताना मलाही शिकवलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "आत येतेय."

"येऊ दे," बाबा तोंडावरचा कागद काढत म्हणाले.

"तुम्ही म्हणालात बाहेर..."

"येऊ दे म्हणतो ना. मुद्दाम केलंय."

मुलं बाकांवर हात आपटून हसत होती. बाबा पंख्यासमोर तसेच उभे राहिले, शर्टाचा खिसा धरून. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात पुढे केला, तळहात उलटासुलटा केला. त्या भिंतीमागे कडुलिंब आणि जांभूळ आहे, भांडी घासायची ओली फरशी आहे, दिवसभर सावली असते. तिथली हवा आत येत होती. गार म्हणता येणार नाही, पण कुणीही न वापरलेली. आणि खोलीतली जुनी हवा समोरच्या दोन खिडक्यांतून मैदानावर चालली होती. ठरल्याप्रमाणे पंखा सुलट फिरला असता तर तीच मैदानावरची भट्टी खिडक्यांतून आत ओढली गेली असती.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "याला म्हणतात अनुभव."

त्या तारा त्यांनी पुढे कधीही बदलल्या नाहीत.

दोन दिवस वर्ग असा वाचला की मला माझेच कान खरे वाटेनात. तिसऱ्या दिवशी नवी अडचण कळली. भिंतीमागे, जांभळाच्या बुंध्याशी, पोषण आहाराची शेड होती. दोन दिवस वरण-भात होता. त्या दिवशी खिचडी होती. सुट्टीला अजून बराच वेळ असताना स्वयंपाकाच्या मावशींनी मोठ्या टोपात मोहरी, जिरं आणि लसणाची फोडणी दिली, आणि पंख्याने ती सगळीच्या सगळी उचलून सहावी कमध्ये आणून टाकली.

पन्नास माना एकदम वर झाल्या. वाचणारा मुलगा "राजाने प्रधानाला बोलावले आणि" इथे थांबला. तो पुढे म्हणाला, "बाई, खिचडी."

त्यानंतर सुट्टीपर्यंत राजाचं काही झालं नाही.

मी मावशींना भेटायला गेले. मावशी जवळच्या गावच्या, आगरी, आवाज मैदानापार जाणारा. मी म्हटलं, "मावशी, आमच्या वाचनाचा तास संपेपर्यंत फोडणी थांबवता येईल का?"

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "बाई, मना फोडनी शिकवू नको. तुला शिकवाचा हाय ते तू शिकव."

"पोरं वाचत नाहीत हो वासाने."

"माझ्या खिचडीच्या वासान पोरं उठून बसली, त ते वाईट काय? इतकी वर्सं झोपतच होती ना?"

मग मी मे महिन्याचं सांगितलं. सगळ्या वर्गाचं गाव बुडेल हे सांगितलं. मावशींनी हातातला कालथा टोपावर ठेवला. त्यांची नात माझ्याच वर्गात होती.

"घंटी होईस्तो फोडनी नाय देत," त्या म्हणाल्या. "पण घंटी लांबवलीस त बघ."

त्या दिवसापासून आमचा तास सुरळीत चालला. रोज सगळे थोडं थोडं मोठ्याने वाचत. बाबा मागच्या बाकावर येऊन बसत. मुलांनी त्यांच्यासाठी एक नियम केला होता: आजोबांना झोप लागली तर खोली पुन्हा बिघडली असं समजायचं. बाबा डोळे ताणून बसत. एकदा डुलकी लागली तर मुलांनी "बाई, खोली!" म्हणून गिल्ला केला, आणि खरंच, मामा बटण चालू करायला विसरले होते.

चाचणीच्या दिवशी मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. हातात वेगवेगळ्या उताऱ्यांचे कागद, शेजारी त्यांची स्टीलची बाटली. हजेरी क्रमांकाने मुलं पुढे यायची, उतारा वाचायची, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. पंखा घुमत होता. पहिली सगळी मुलं नीट वाचून गेली. एक मुलगा, जो वर्षभर दोन ओळींच्या पुढे गेला नव्हता, उतारा संपवून खालची सूचनासुद्धा वाचायला लागला. "बस, बस," मोठ्या बाई म्हणाल्या. मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, ओठ दाबून.

निम्मा वर्ग झाला असेल, तेव्हा मामा दारात आले. "मॅडम, पाणी आलं."

दोन दिवस नगरपालिकेचं पाणी आलं नव्हतं. टाकी कोरडी होती. मोठ्या बाईंनी हाताने खूण केली आणि पंखा थांबला.

पत्र्याखाली पंखा थांबला की आधी शांतता येते, मग ऊन खाली उतरतं. पुढचा मुलगा जरा हळू वाचला. त्याच्या पुढचा अडखळला. मग आमची सर्वांत चांगली वाचणारी मुलगी उठली, आणि तिने एकच ओळ दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतली. मला आत्याचं अंगण दूर जाताना दिसत होतं. माझ्यामागे बाबांचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजायला लागला होता.

मोठ्या बाईंनी पदराने मान पुसली. "नदी कोणत्या गावावरून वाहते?" त्यांनी विचारलं.

मुलीने कागदाकडे बघितलं. "बाई, यात नदी नाहीये. यात माकड आहे."

मोठ्या बाईंनी त्यांचा कागद बघितला, मग तिचा. "बरं. बस. क्रमांक नऊ."

नऊ क्रमांकाचा मुलगा आनंदाने उभा राहिला. "बाई, माझं मघाशीच झालं. पण परत वाचू का? मला येतं."

कुणी हसलं नाही, इतके सगळे पेंगले होते. मोठ्या बाईंनी कागद मांडीवर ठेवले. बाटली उघडली, पाणी प्यायल्या, झाकण लावायला गेल्या तर ते लागेना. मग म्हणाल्या, "मामा, पंप बंद करा."

"मॅडम, टाकी निम्मीसुद्धा नाही."

"बंद करा."

"उद्या पोरं पाण्याला बोंबलतील. आणि वरच्या मजल्याचे संडास?"

"मामा!"

पंखा पुन्हा घुमला. पण या भानगडीत घंटेची वेळ होऊन गेली होती, आणि मावशी दिल्या शब्दाला जागणाऱ्या असल्या तरी घंटा लांबवलेली खपवून घेणाऱ्या नव्हत्या. हवेबरोबर लसणाची अख्खी फोडणी आत आली.

"हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"खिचडी, मॅडम," मी म्हटलं. मला वाटलं, संपलं सगळं.

त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. "माकडवाली, परत ये."

ती मुलगी आली, आणि भुकेने असा वेग घेतला तिने की माकड झाडावर चढलं, फांदीवरून पडलं, शहाणं झालं आणि उतारा संपला, सगळं एका दमात. दोन्ही उत्तरं तिने प्रश्न पुरे व्हायच्या आत दिली. तिच्यामागून उरलेले सगळे रांगेत, एकमेकांना ढकलत. मागून एक जण म्हणाला, "लवकर वाच ना, खालची करपलेली उरेल." मोठ्या बाई खाली बघून खुणा करत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. बाबा तर केव्हाच तोंडावर रुमाल धरून बाहेर जांभळाखाली गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आल्या. शाळेत पाणी नव्हतं, प्रत्येकाने घरून बाटली आणली होती.

"चौघांचं वाचन अजून कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "ते चौघे जूनमध्ये रोज माझ्या ऑफिसात येऊन वाचतील. उन्हाळी वर्ग नाही. मे महिन्यात कुणीही शाळेकडे फिरकायचं नाही."

मी टेबलाची कड धरली. वर्गाने अजून जल्लोष केला नव्हता, कारण त्या चौघांपैकी एकाने हात वर केला होता. "बाई, तुमच्या ऑफिसात एसी आहे ना?"

"आहे."

"बाई, माझं पण कच्चं आहे!" दुसऱ्या बाकावरून आवाज आला. "माझं पण!" "बाई, मला तर काल वाचताच आलं नाही!" पन्नास हात वर. माकडवाली सगळ्यांत उंच, बाकावर उभी राहून. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "सांभाळा तुमचा वर्ग," आणि भराभर निघून गेल्या. दाराबाहेर त्यांचं हसणं ऐकू आलं.

बाबा त्यानंतरच्या थंडीत गेले. पण तो मे आम्हाला मिळाला, सगळा. कल्याणहून एसटीने, माळशेज घाट चढून आम्ही आत्याकडे गेलो. पहिले दिवस बाबा पडवीतच बसून असायचे. आल्यागेल्याला पंख्याची गोष्ट सांगायचे. दर खेपेला त्यात ते जास्त हुशार होत गेले. शेवटी शेवटी उलटी जोडणी हा त्यांचा शोध झाला होता. मी ऐकून घ्यायचे.

आत्याच्या शेतावर जायला एक चढण आहे, छोटीच, पण दगडांची. महिन्याच्या शेवटी एका सकाळी ते हातातली काठी झेंड्यासारखी धरून पुढे चालले होते, आत्याशी तावातावाने बोलत. विषय होता, गोठ्याला खिडकी कुठल्या बाजूला हवी. बोलत बोलत ते चढले. थांबले नाहीत, कशाकडे निरखून बघितलं नाही. वर पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मी निम्म्यातच दगडावर हात टेकून उभी होते, वर्षभर बसून वाचणाऱ्या बाईला लागते तशी धाप लागलेली.

"या, मास्तरीणबाई, या!" ते वरून ओरडले, दोन्ही हात पसरून. "सावकाश या. इथे भरपूर आहे!"